बावीस मणी जास्त

चौदावी नमो मारिया सुरू झाली तशी क्रुसापुढं गुडघ्यावर बसलेल्या माणसांत चुळबुळ सुरू झाली. दहा झाल्या की 'पित्याला, पुत्राला' म्हणायचं, हे आमच्याकडे अंगठा चोखणाऱ्या पोरालाही ठाऊक. अर्ध्या आळीनं ते म्हणूनही टाकलं होतं. पण माझी सासू रेमेदबाय डोळे मिटून, पदराखाली जपमाळ धरून, ठाय लयीत पुढची नमो मारिया सांगत होती, आणि सांगणारी थांबत नाही तोवर उत्तर देणाऱ्यांनी थांबायचं नसतं. पंधरावी झाली तेव्हा कुठे ती थांबली. मागून कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. मी मान खाली घातली, कारण साऱ्या आळीत मला एकटीलाच माहीत होतं की अजून चार रहस्यं बाकी आहेत आणि तिसऱ्या रहस्यात सोळा आहेत.

ही वसईतली गोष्ट, पस्तीसेक वर्षांपूर्वीची. आमची बोली तुम्हाला झेपायची नाही म्हणून साधी करून सांगते. ईस्टरनंतर माझं डुमिंगशी लग्न झालं आणि मी या आळीत आले. ऑक्टोबर म्हणजे आमच्याकडे रोझरीचा महिना. रोज संध्याकाळी साडेसातला आळीच्या तोंडाशी असलेल्या क्रुसापुढं चटया पडायच्या, मेणबत्त्या लागायच्या आणि सगळी आळी जमायची. एकानं पुढे सांगायचं, बाकीच्यांनी उत्तर द्यायचं. पाच रहस्यं, दर रहस्यात दहा नमो मारिया, शेवटी मायमरियेची स्तुती, की माणसं जेवायला मोकळी. महिन्याच्या शेवटच्या दिवशी खुद्द फादर यायचे आणि प्रार्थनेनंतर उकडलेले चणे वाटायचे.

तीस वर्षं पुढे सांगायचा मान रेमेदबायचा होता. मी तिला आय म्हणायची. आयनं उभा जन्म डोक्यावर भाजीची टोपली घेऊन मुंबईच्या बाजारात काढलेला. नवरा लवकर गेला, टोपलीनं मान आखडली, डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, मग बाजारही सुटला. राहिला तो हा ऑक्टोबर. बांधावरून एकमेकांची डोकी फोडायला निघालेली माणसंही या अर्ध्या तासात तिच्या मागोमाग मुकाट उत्तर द्यायची. बाकी अकरा महिने ती या महिन्याच्या आठवणीवर आणि वाट बघण्यावर काढायची, हे मला आल्याआल्याच कळलं होतं.

आणि नेमकी तिचीच माळ मी तोडली.

एक तारखेला सकाळी आय चर्चमध्ये मिस्साला गेली होती. मी म्हटलं, महिना सुरू होतोय, आल्तार, म्हणजे घरातला देव्हारा, पुसून काढू. नव्या नवरीच्या हातात बांगड्या कोपरापर्यंत. खिळ्याला आयची माळ टांगलेली, तिच्यात बांगडी अडकली, मी हात ओढला आणि माळ तटकन तुटली. लाकडी मणी घरभर. तांदळाच्या पेटाऱ्याखाली, खाटेखाली, कोपऱ्यात. मी केरसुणी घालून घालून सगळे बाहेर काढले आणि मोजले. एकोणसाठ पाहिजेत, रहस्यांचे पन्नास, मधले मोठे आणि क्रुसाजवळचे थोडे. भरले एक्याऐंशी.

मी तीनदा मोजले. एक्याऐंशीच. डुमिंगला विचारलं तेव्हा तो दात घासता घासता म्हणाला की बाची, म्हणजे माझ्या सासऱ्यांची, माळ पण याच खोलीत कधीतरी तुटली होती, दोघांनी एकाच जत्रेत घेतलेल्या, एकसारख्या. एवढं सांगून त्यानं चूळ भरली आणि आयला कळलं तर आपली दोघांची रवानगी गोठ्यात, असं सांगून तो कामावर गेला. असा आमचा आधारस्तंभ.

आता तुम्ही म्हणाल, बावीस मणी जास्त होते तर टाकून द्यायचे. टाकता येतात होय? माळ आशीर्वादित असते. आशीर्वादित वस्तू केरात टाकत नाहीत. जाळावी नाहीतर पुरावी. पुरायचे तर अंगणात आमच्या कोंबड्या. त्यांनी तासाभरात उकरून आयच्या पुढ्यात आणून टाकले असते. जाळायचे तर चुलीत मायमरियेची माळ घालायला हात धजेना. लपवायचे तर नव्या सुनेची घरात जागा कुठली? माझ्या ट्रंकेतल्या घड्यासुद्धा नणंदा येऊन मोजून जायच्या. बरं, यातले आयचे कुठले आणि बाचे कुठले हेही कळेना.

तेवढ्यात वाटेवर आयचा आवाज ऐकू आला. शेजारणीशी बोलत होती. मी डुमिंगची गळाची नायलॉनची तंगूस घेतली आणि दिसेल तो मणी ओवत सुटले. मनाशी म्हटलं, तीस वर्षं सांगणाऱ्या बाईला मण्यांची काय गरज, ती तोंडानं मोजत असेल. आणि मायमरियेला चार नमो मारिया जास्त मिळाल्या तर ती काय नको म्हणणार आहे? जुन्या माळेत मण्यामण्यात तारेची कडी होती, मी दाटीवाटीनं ओवले, त्यामुळे लांबीही तेवढीच भरली. आय उंबऱ्यात आली तेव्हा माळ खिळ्यावर होती आणि मी चुलीपुढं, घामानं निथळत. पहिल्या रहस्यात पंधरा, मग चौदा, सोळा, तेरा आणि चौदा. ते आकडे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

आय तोंडानं मोजत नव्हती. तिची बोटं मोजायची. बोटांना दोन रहस्यांमधला मोठा मणी लागला की थांबायचं, एवढंच त्या बोटांना ठाऊक.

पहिले दोन दिवस माणसं हसली. तिसऱ्या दिवशी कुणाचा भात करपला. चौथ्या दिवशी टीव्हीवरची मालिका बुडाली. आळीत टीव्ही दोनच, त्यामुळे एकदम बावीस माणसांची बुडाली. आमच्या शेजारी बस्त्याव मास्तर राहायचे, शाळेतून निवृत्त झालेले, अत्यंत सज्जन गृहस्थ आणि म्हणूनच धोकादायक. ते घड्याळ घेऊन बसू लागले. सातव्या दिवशी त्यांनी आयला बाजूला घेऊन आदरानं सांगितलं की रेमेदबाय, तुमच्या नमो मारिया जास्त होतात. आयनं त्यांना झाडलं. म्हणाली, मास्तर, मी सांगायला लागले तेव्हा तुम्ही तुमच्या लग्नाच्या सुटाचं माप देत होता.

पण शब्द आळीत पसरला तो पसरलाच. साठी बुद्धी नाठी. आणि एकदा का हा शिक्का बसला की मग सगळंच पुराव्याला लागतं. आयच्या कालवणात मीठ कमी पडलं, झालं, विसरायला लागली. तिनं आळीतल्या इनासला त्याच्या भावाच्या नावानं हाक मारली. ती जन्मभर दोघांत गोंधळ करायची, त्यांची आईही करायची, पण आता तो पुरावा झाला. बायका मला विहिरीवर गाठून हळहळायच्या. बिचारी, रेमेदबायची आईही शेवटी अशीच झाली होती, म्हणायच्या. अंगणात बसून नसलेल्या कोंबड्यांना दाणे टाकायची. आणि मग माझ्या पाठीवरून हात फिरवून म्हणायच्या, नवी सून, काय गं तुझ्या नशिबात आलं.

मला त्या हातांचे चटके बसायचे. रोज ठरवायची, आज सांगते. रोज आयचा चेहरा बघितला की चुलीकडं वळायची. घाबरट होते मी, दुसरं काय. माहेरी आई म्हणायची, सासूला पहिल्या वर्षी जे दिसतं तेच ती शेवटपर्यंत बघते.

शेवटी मला एक युक्ती सुचली आणि त्या युक्तीवर मी दोन दिवस खूश होते. शनिवारी जाऊन फादरांकडे पापनिवेदन करायचं. मी सांगेन, फादर आयला सांगतील, फादरांच्या तोंडून ऐकल्यावर आय चिडणार नाही. मी गेले, जाळीपाशी गुडघे टेकले आणि सगळं सांगितलं, कोंबड्यांसकट. मग फादरांना खोकला आला, तो थांबेना. मला तो खोकल्यासारखा वाटेना. थांबल्यावर ते म्हणाले, तिला सांग. मी म्हटलं, फादर, तुम्हीच सांगा ना. तेव्हा ते म्हणाले, मुली, इथं ऐकलेलं मला कुणालाच सांगता येत नाही, तुझ्या सासूलाही नाही आणि तुला बाहेर भेटल्यावर तुलाही नाही.

लहानपणापासून धर्मशिक्षणाच्या वर्गात हेच शिकले होते. पापनिवेदनातली गोष्ट फादर मेले तरी बोलत नाहीत. पण गळ्याशी आलं की माणसाला शिकलेलं काही आठवत नाही. आता खरं माहीत असणारी आम्ही तीन माणसं झालो. एकाला बोलायची बंदी, एकाला गोठ्याची भीती, आणि मी.

तीस तारखेला रविवार होता. मिस्सा आटोपून बस्त्याव मास्तर आणि आळीतले दोघे जाणते घरी आले. मी चहा केला. त्यांनी आधी पाऊसपाणी काढलं, मग केळीचे भाव काढले, मग सगळे कपात बघत बसले. शेवटी मास्तर म्हणाले की उद्या शेवटचा दिवस, फादर येणार, वरच्या आळीची माणसंही येणार, तर आजपासून रोझरी मी सांगतो. रेमेदबायनी खूप वर्षं केलं, आता आराम करावा.

मला वाटलं, आता कपबशा उडणार. मी खिडकी बंद करायच्या बेतात होते. पण आयनं कुणाकडं बघितलं नाही. पदर नीट केला आणि म्हणाली, "बरं मास्तर. तुम्हाला जसं योग्य वाटेल तसं."

तिच्या शिव्यांना मी कधी घाबरले नाही इतकी त्या "बरं"ला घाबरले.

त्या संध्याकाळी गुडघे दुखतात म्हणून आय क्रुसापाशी आलीच नाही. मास्तरांनी रोझरी सतरा मिनिटांत संपवली. माणसं खूश होऊन घरी गेली, आणि घरी जाऊन वेळेचं काय करायचं ते न कळून ओट्यांवर बसून राहिली. मी परतले तर आय डुमिंगला समोर बसवून सांगत होती, कपाटाची किल्ली कुठं, जमिनीचे कागद कुठल्या डब्यात, गाय कुणाला विकायची नाही. मग मला बोलावून एक लाल लुगडं दाखवलं. मला पुरताना हे नेसवा, म्हणाली. डुमिंग माझ्याकडं बघायला लागला, मी त्याच्याकडं. त्या बाप्यानं डोळे खाली केले.

दुसऱ्या दिवशी दुपारी आय ओट्यावर तांदूळ निवडत होती. मी जाऊन तिच्यासमोर बसले. उभी राहिले असते तर पळून गेले असते.

"आय, तुमची माळ मी तोडली," मी म्हटलं. "एक तारखेला. बांगडीत अडकून. मीच ओवली. मणी जास्त झाले, ते टाकता येईनात म्हणून सगळे ओवले."

आयचा हात सुपात थांबला.

"किती जास्त?"

"बावीस."

"नीट सांग."

"पहिल्यात पंधरा आहेत, मग चौदा, मग सोळा, तेरा, चौदा."

मला वाटलं, आता सूप डोक्यात बसतं. बसलं असतं तर बरं झालं असतं. ती उठली, आत गेली, खिळ्यावरची माळ घेऊन आली आणि माझ्या हातात दिली. मोज म्हणाली, मोठ्यानं मोज. मी मोजायला लागले. दहा झाले, अकरा झाले, बारा झाले. पंधराला आले तेव्हा बघितलं तर आयच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती ते पुसतही नव्हती.

"मग तुम्ही मोजलं का नाही?" मी विचारलं. मला रडू फुटलं होतं. "माणसं एवढं बोलत होती, माळ तुमच्याच हातात होती. एकदा मोजायचं तरी."

"धाडस झालं नाय," आय म्हणाली. "मोजले असते आणि दहाच निघाले असते तर?"

महिनाभर त्या बाईनं माळ पदराखाली धरून ती गोष्ट एकटीनं सोसली होती, आणि मी बाजूच्या चटईवर बसून उत्तरं देत होते. मी तिचे पाय धरले. तिनं पाय ओढून घेतले, म्हणाली तांदूळ सांडतील. मग थोड्या वेळानं नेहमीच्या आवाजात म्हणाली की माझं लाल लुगडं काढून ठेव, संध्याकाळी नेसते. कुठलं, मी विचारलं. पुरायचं, ती म्हणाली.

साडेसातला क्रुसापुढं पाय ठेवायला जागा नव्हती. फादर खुर्चीवर. मास्तर इस्त्रीचा सदरा घालून, हातात माळ घेऊन तयार. चण्यांचं पातेलं झाकून ठेवलेलं. आय लाल लुगड्यात आली तशी माणसं बाजूला झाली. ती थेट मास्तरांपुढं गेली आणि आपली माळ त्यांच्यापुढं धरली.

"मास्तर, तुम्ही शाळेत गणित शिकवायचा. हे मणी मोजा."

मास्तर गोंधळले. पण सज्जन माणूस, मोजायला लागले. दहाच्या पुढे गेले तसा त्यांचा आवाज बारीक झाला. पंधराला थांबले. दुसरं मोजलं, चौदा. तिसऱ्याला तर पोरंही त्यांच्याबरोबर मोजायला लागली आणि सोळाला सगळ्यांनी एकदम ओरडून मोजलं. मास्तरांनी चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा लावला.

"पण रेमेदबाय," त्यांनी विचारलं, "ही माळ अशी ओवली कुणी?"

मी पदर डोक्यावरून खाली ओढला. साऱ्या आळीच्या नजरा आयवर होत्या. फादर तेवढे माझ्याकडं बघत होते आणि लगेच त्यांनी नजर वर आभाळाकडं नेली.

"मीच," आय म्हणाली. "तुटली होती. डोळ्याला दिसत नाय, बाची पण त्यात ओवली गेली. माझी चूक."

फादरांना पुन्हा तो खोकला आला.

मास्तरांनी आपली माळ खिशात घातली आणि चटईवर मागच्या रांगेत जाऊन बसले. हे त्यांचं मोठेपण, ते मी आजही मानते. आयनं माळ बाजूला ठेवली, दोन्ही हात समोर धरले आणि बोटांवर रोझरी सांगितली. दर रहस्यात दहा, एक कमी नाही, एक जास्त नाही. आळीचा असा खणखणीत आवाज मी पुन्हा कधी ऐकला नाही. शेवटचं रहस्य संपलं तेव्हा मागून कुणीतरी म्हणालं, एवढ्यात झाली? आणि माणसं प्रार्थनेतच हसली.

चणे वाटले जात होते तेव्हा आय फादरांच्या खुर्चीपाशी गेली आणि वाकून काहीतरी बोलली. फादर म्हणाले, शनिवारी ये, सगळ्यांबरोबर. ती म्हणाली, फादर, क्रुसाखाली खोटं बोलले, शनिवारपर्यंत मेले तर? फादर मुकाट उठले, तिला घेऊन केळीच्या आडोशाला गेले, आणि दोन मिनिटांनी दोघंही चणे खायला परत आले.

घरी जाताना डुमिंग पातेलं घेऊन पुढं गेला. आय आणि मी मागं. वाट अरुंद, दोन्हीकडं पानवेली. मी विचारलं की आय, माझ्यासाठी तुम्ही एवढ्या माणसांत खोटं का बोललात. सांगायचं होतं की हिनं तोडली म्हणून. मी ऐकून घेतलं असतं.

आय चार पावलं गेल्यावर थांबली, माझ्या खांद्यावर हात टेकला आणि श्वास घेतला.

"पंधरा दिवस झाले, रोज झोपायच्या आधी मी नावं घोकते," ती म्हणाली. "डुमिंगचं विसरणार नाय, तो पोटचा. पोरींची विसरणार नाय. भीती तुझी होती. तू नवी. सकाळी उठले आणि तुला काय हाक मारायची तेच आठवलं नाय, तर तुला वाटलं असतं, सासूनं मला घरात घेतलंच नाय. म्हणून सगळ्यांच्या शेवटी तुझं घ्यायची, म्हणजे झोप लागेतो तोंडात राहायचं. फिलोमेना, फिलोमेना, फिलोमेना."

मी तिचा हात धरून नुसती उभी राहिले.

"आणि नाव तरी केवढं लांब ठेवलंय तुझ्या बापानं," आय म्हणाली आणि चालायला लागली.